दोन अक्षरांच्या जागेत तीन

पेंटर ग्रामपंचायतीच्या बोर्डाला लावलेल्या शिडीवर चढला, पट्टी लावून मोजलं आणि परत खाली उतरला. "वैनी, 'ग्राम' काढून 'नगर' घालूचा म्हणजे दोन अक्षरांच्या जागेत तीन अक्षरां बसवची. त्यापेक्षा सगळो बोर्डच नवो करूया." मी त्याला मंजुरीचा कागद दाखवला. त्यात 'फलक दुरुस्ती' एवढंच होतं, नवा फलक नव्हता. मग त्याने 'ग्राम' खरवडलं, पांढरा हात मारला आणि दाटीवाटीने 'नगर' बसवलं. 'र' आणि 'पं' एस.टी.तल्या सीटवर तिसरी म्हातारी येऊन बसावी तसे एकमेकांना चिकटले. आमच्या गावाचं शहर झालं ते हे असं, एका दुपारी, साडेतीनशे रुपयांच्या पावतीवर.

गावाचं नाव लिहीत नाही. मी अजून त्याच टेबलाशी बसते आणि निवृत्तीला बरीच वर्षं आहेत. कोकणातलं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. तहसील आहे, पंचायत समितीची इमारत आहे, एस.टी. स्टँड आहे, आठवड्याचा बाजार भरतो. बाजाराच्या दिवशी खाडीपलीकडच्या बायका पाटीतून मासे आणतात. बाजारपेठेचा एक रस्ता सोडला तर बाकी सगळ्या वाड्या. चिऱ्याची गडगी, माड, आंब्याची कलमं, मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा. ग्रामपंचायतीत मी २००३ साली लिपिक म्हणून लागले. घरपट्टीची पावती फाडायची, नमुना आठचा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा द्यायचा, सभेचं प्रोसिडिंग लिहायचं. लोक मला 'गो बाय' म्हणायचे, नाहीतर वैनी. आता काहीजण मॅडम म्हणतात. ते ऐकलं की समजावं, याचं काम अडलेलं आहे.

२०१४ साली शासनाने ठरवलं की जिथे तालुक्याचं ठिकाण अजून ग्रामपंचायत आहे तिथे नगरपंचायत करायची. एरवी नगरपंचायतीला निदान १० हजार लोकसंख्या लागते. २५ हजारांच्या वर गेलं की नगरपरिषदेचं बघायचं. शिवाय किती लोक शेतीवर आहेत आणि किती बिगरशेतीवर, हेही मोजतात. तालुक्याच्या ठिकाणांना लोकसंख्येची ही अट आडवी आली नाही. आमच्या जिल्ह्यात कुडाळ, दोडामार्ग, वैभववाडी, देवगड-जामसंडे. वर रत्नागिरीत मंडणगड. रायगडात म्हसळा, तळा, पोलादपूर अशी सगळी गावं त्या लाटेत शहरं झाली. यातल्या काही ठिकाणी बाजारपेठेच्या दोन्ही टोकांना उभे राहिलेले दोघे एकमेकांशी हाक मारून बोलू शकतील.

पहिल्यांदा आली ती प्रारूप उद्घोषणा. प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा. तो प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत ज्याला हरकत असेल त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची. आम्ही तो कागद नोटीस बोर्डावर लावला. शिपाई आबांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि ग्रामीणातून नागरीत 'संक्रमण' होत असलेल्या क्षेत्रापाशी ते अडखळले. त्यांनी वाचलं, "संक्रांतीत असलेलं क्षेत्र." पुढची दोन वर्षं ऑफिसात आम्ही तेच म्हणत होतो. गंमत म्हणजे हा शब्द थेट राज्यघटनेतून आलेला. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली ती १९९२ साली, लागू झाली १९९३ मध्ये. पहिलीने खेड्यांच्या पंचायती पक्क्या केल्या, दुसरीने शहरांच्या. शहरांच्या तीन पायऱ्या तिने सांगितल्या. मोठं शहर असेल तर महानगरपालिका, लहान असेल तर नगरपरिषद, आणि जे धड गाव राहिलं नाही नि धड शहर झालं नाही त्याला नगरपंचायत. आबांचं वाचन तसं चुकलं नव्हतं.

त्या महिन्याभरात हरकतींचे अर्ज बहुतेक मीच लिहून दिले. खरं म्हणजे ते माझं काम नव्हे, पण लोक कुठे जाणार? बागायतदारांची हरकत एकच, घरपट्टी वाढेल. मांगर, म्हणजे शेतातलं खोपट, बांधायलाही आता परवानगी काढावी लागणार का, हे दुसरं. मोलमजुरी करणाऱ्यांची भीती वेगळी होती आणि माझ्या मते तीच सगळ्यांत खरी होती. मनरेगाच्या, म्हणजे गावांतल्या रोजगार हमीच्या, कायद्यात ग्रामीण क्षेत्राची व्याख्याच अशी होती की नागरी संस्थेच्या हद्दीतलं क्षेत्र त्यातून वगळलेलं. म्हणजे गाव शहर झालं की जॉबकार्ड गेलं. बाजारपेठेतले दुकानदार मात्र खूश होते. गटार, दिवे, काँक्रीटचा रस्ता, 'शहराला फंड जास्त येतो' हे त्यांचं पालुपद.

व्हाळाकाठच्या तात्यांचा अर्ज मला तोंडपाठ आहे. त्यांचं घर व्हाळाच्या अलीकडे, सख्ख्या धाकट्या भावाचं पलीकडे. व्हाळ ही दोन महसुली गावांची हद्द. पलीकडची वाडी दुसऱ्या ग्रामपंचायतीत, तिला या भानगडीची झळ नव्हती. तात्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: "आमची वाडी पूर्णपणे शेतीवर अवलंबून असून वाडीत शहरासारखे काहीही नाही. सबब आमची वाडी नगरपंचायतीत घेऊ नये." खाली सही करताना ते म्हणाले, "म्हणजे भाव गावातलो आणि मी शहरातलो? न्हाण्येत जावक व्हाळ ओलांडूचो लागता आमका. पाणी थयसर, घर हयसर." तेवढं काही मी अर्जात घातलं नाही.

त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेइतकी गर्दी मी आधी कधी पाहिली नव्हती. ग्रामसभेला कोरम लागतो १५ टक्के मतदारांचा किंवा १०० माणसांचा, दोन्हीत जो कमी असेल तो. एरवी आमच्याकडे झेंडावंदनाला आलेली माणसं धरूनही शंभर भरत नसत. मग सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरमची गरज नाही म्हणून पुढच्या आठवड्यात वीस-पंचवीस जणांत उरकायची. हे सगळीकडे चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवशी मात्र शाळेच्या हॉलमध्ये जागा नव्हती, माणसं खिडक्यांना लटकली होती. सरपंच वहिनी मध्ये, बाजूला ग्रामसेवक भाऊसाहेब, कोपऱ्यात मी प्रोसिडिंग बुक घेऊन.

"घरपट्टी वाढतली काय नाय, ता आधी सांगा."

"ता आत्ताच कसा सांगू? आधी होऊ दे तरी."

"मग झाल्यार कोणाक इचारूचा? तुमी तर जातलास."

हे शेवटचं वाक्य कोण बोललं ते मला दिसलं नाही, पण वहिनींना ते लागलं. नगरपंचायत झाली की ग्रामपंचायत विसर्जित, सरपंच घरी. दोन तास भांडून शेवटी ठराव झाला, तोही एकमताने: 'गावात नगरपंचायत व्हावी, परंतु घरपट्टी ग्रामपंचायतीच्या दरानेच राहावी.' भाऊसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले की असल्या ठरावाला काडीची किंमत नाही. वहिनी म्हणाल्या, "तू लिही गो. लोक बोलले ता लिवूक नको?" मी लिहिलं. टाळ्या पडल्या, जिलेबी वाटली आणि लोक घरी गेले.

अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा आम्हाला ती तहसीलमधून फोनवर कळली. दुसऱ्या दिवशी तहसीलदार प्रशासक म्हणून आले. दप्तराचा ताबा देणं हा प्रकार ज्याने केला असेल त्यालाच त्याची चव कळेल. भाऊसाहेबांनी कॅशबुकात त्या तारखेची शिल्लक काढली, खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या आणि पेन टेबलावर ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग यादी. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, नमुना आठ, नमुना नऊ, पावतीपुस्तकं वापरलेली आणि कोरी वेगवेगळी, टेबलं दोन, प्लास्टिकच्या खुर्च्या अकरा (एक मोडकी, तसं लिहून), लाऊडस्पीकर एक, माठ एक. रबरी शिक्के मोजून एका पिशवीत घातले आणि पिशवीच्या तोंडाला लाख लावली. आजवर 'सरपंच' हा शिक्का त्या टेबलावर पॅडच्या बाजूला पडून असायचा, कोणीही मारून घ्यायचं. त्याला लाख लावताना पाहून आबा म्हणाले, "मेल्या माणसाचे डोळे मिटल्यासारखा वाटता."

आता माझी स्वतःची कथा. ग्रामपंचायत गेली की तिच्या माणसांचं काय? त्याला शब्द आहे समावेशन. नगरपंचायतीचा आकृतिबंध ठरतो, म्हणजे कोणती पदं किती, आणि त्यात जुन्या कर्मचाऱ्यांना बसवायचं. पण बसवायचं कोणाला? ज्याची नेमणूक रीतसर ठरावाने झाली आहे, ज्याच्या पगाराची नोंद सलग आहे आणि ज्याच्याकडे त्या पदाला लागतं ते शिक्षण आहे, त्याला. माझं शिक्षण होतं, पगाराच्या नोंदी होत्या. नेमणुकीचा ठराव २००३ च्या प्रोसिडिंग बुकात होता. मीच तो पुढे कितीदा पाहिला होता. तो काढायला कपाट उघडलं तर खालच्या खणात वाळवी.

बुकाचा पुठ्ठा शाबूत होता, आत भुसा झालेला. पानं एकमेकांना चिकटलेली, कडेने नक्षी काढल्यासारखी खाल्लेली. मी अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि भाजीच्या सुरीने एकेक पान सोडवत बसले. श्रावणातली उघडझाप होती. सर आली की सगळं उचलून पडवीत, ऊन आलं की परत अंगणात. दुपारी तीनच्या सुमाराला माझा ठराव सापडला. वरची ओळ गेलेली, ठराव क्रमांकातला एक आकडा गेलेला, पण माझं नाव, पद, तारीख आणि सूचक-अनुमोदक शिल्लक. सूचक म्हणून तात्यांचं नाव होतं; ते तेव्हा सदस्य होते हे मी विसरूनच गेले होते. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिल्ह्याला नेला. तिथल्या साहेबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "ठराव क्रमांक कितवा?" मी म्हटलं, "साहेब, मागचा नि पुढचा क्रमांक दिसतोय, मधला कितवा ते तुम्हीच सांगा." ते हसले. माझं काम झालं.

पाणी सोडणाऱ्याचं झालं नाही. तो माझ्याहून जुना. पहाटे चारला उठून टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणारा, कोणत्या वाडीची पाइप कुठे आणि कशी वळते हे फक्त त्यालाच ठाऊक. कधीतरी कोणा सरपंचांनी त्याला 'ये उद्यापासून' म्हणून सांगितलं होतं; ठराव नाही, पगार मानधनाच्या व्हाउचरवर. कागदावर तो कधी नोकरीत नव्हताच. आता तो ठेकेदाराकडून त्याच टाकीचा तोच व्हॉल्व्ह फिरवतो. त्याच्यापुढे मला आजही माझा पगार सांगवत नाही.

पुढचा टप्पा प्रभाग रचनेचा. तिथे कोकणातलं गाव म्हणजे काय, हे सरकारी नकाशाला कळत नाही असं माझं पक्कं मत झालं. नगरपंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येकातून एक नगरसेवक. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरायची, तिला १७ ने भागायचं आणि प्रत्येक प्रभाग त्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली, एवढ्यात बसवायचा. समजा ११,०५० लोक असतील तर सरासरी ६५०. मग ५८५ ते ७१५ यांत प्रभाग जमला पाहिजे. जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे एकेका प्रगणकाने मोजलेल्या घरांचे गट, शक्यतो फोडायचे नाहीत. क्रमांक द्यायचे ते उत्तरेकडून, तिथून ईशान्येला, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे असं सरकत शेवट दक्षिणेला. हद्द शक्यतो रस्ता, नाला, नदी अशी ठळक हवी.

कागदावर हे सगळं चोख आहे. पण आमच्याकडे वाडी म्हणजे नुसती घरं नव्हेत. वाडी म्हणजे भावकी, वाडीचा गणपती, शिमग्याला जिथे सगळे जमतात तो मांड, कोणाच्या दारात पालखी आधी थांबते त्याचा मान. कच्चा नकाशा आला त्यात देऊळ प्रभाग सहामध्ये आणि मांड प्रभाग नऊमध्ये. मधून गेलेली ठळक हद्द म्हणजे देवळाकडून मांडाकडे जाणारी पाणंद, जिच्यावरून पालखी जाते. देऊळवाडीची अर्धी भावकी एका नगरसेवकाची, अर्धी दुसऱ्याची. मानकरी खवळले. हरकत दाखल झाली, सुनावणी लागली. रजिस्टरं घेऊन मीही गेले होते. तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालय असलेलं ओरोस स्वतः ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतं. शहर व्हायची सुनावणी गावात जाऊन द्यायची, याचं मला बसमध्ये हसू येत होतं.

सुनावणीला मानकऱ्यांनी पालखीचा सगळा मार्ग सांगितला, कुठे नारळ पडतो, कुठे गाऱ्हाणं घालतात, सगळं. अधिकारी तरुण होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, हे गट इकडे घेतले तर लोकसंख्या दहा टक्क्यांच्या बाहेर जाते. देवळाला आणि मांडाला लोकसंख्या नसते हो." त्यांचं चूक नव्हतं. मानकऱ्यांचंही नव्हतं. हरकत फेटाळली गेली. त्या वर्षी शिमग्याला पालखी एका शहरी प्रभागातून दुसऱ्यात गेली आणि दोन्हीकडच्या इच्छुकांनी स्वागताचे बॅनर लावले.

आरक्षणाची सोडत तहसीलच्या हॉलमध्ये झाली. जिल्हा परिषद शाळेची दोन पोरं काचेच्या बरणीतून चिठ्ठ्या काढत होती आणि बाहेर मोठी माणसं घाम पुसत होती. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना, म्हणजे १७ पैकी ९. सोडतीचं फार सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. निवडणूक झाली, बोर्डाच्या आत नवं टेबल आलं, मुख्याधिकारी आले. ही खुर्ची ग्रामसेवकासारखी नाही. मुख्याधिकारी राज्याच्या संवर्गातले, कोणी घाटावरचे, कोणी विदर्भातले. पहिल्या साहेबांना 'व्हाळ' म्हणजे काय ते मला सांगावं लागलं.

त्याच वर्षी, २०१६ च्या गणपतीत, माझे नणंदेचे यजमान पनवेलहून आले. आरतीनंतर ओटीवर विषय निघाला. ते म्हणाले, "आमची आता महापालिका होतेय, १ ऑक्टोबरपासून." पनवेलची तोवर नगरपरिषद होती, आजूबाजूची गावं आणि सिडकोच्या वसाहती जोडून महापालिका झाली. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे तुमी मोठे काय आमी?" मग तांदळाच्या पिठाचं ताट जवळ होतं त्यात मी बोटाने रेघा काढून त्यांना दाखवलं. ही एक शिडी गावांची: ग्रामपंचायत, वर पंचायत समिती तालुक्याची, वर जिल्हा परिषद. खालची वरचीशी बांधलेली. शहरांकडे मात्र शिडी नाही, एकेक सुटा माड. नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांच्यातली कोणी कोणाच्या वर नाही.  नगरपरिषदांत परत अ, ब, क वर्ग: लाखाच्या वर अ, ४० हजारांच्या वर ब, त्याखाली क. महापालिकेला तीन लाख लोक हवेत. गावाकडे सरपंच आणि ग्रामसेवक, आमच्याकडे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी, पनवेलला महापौर आणि आयुक्त.

सासूबाईंनी ताट ओढून घेतलं, मोदकांचं पीठ होतं ते. "आणि जिल्हा परिषद आता आमची नाय?"

नाही. हे लोकांना फार उशिरा कळलं. पुढे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक लागली तेव्हा बाजूच्या गावांतून प्रचाराच्या रिक्षा फिरल्या, आमच्याकडे एकही नाही. पंचायत समितीची इमारत आमच्या बाजारपेठेत, तिच्या आवारातल्या फणसाचे गरे आम्ही खातो, पण मत बाजूच्या गावांना. शाळा मात्र जिल्हा परिषदेचीच राहिली. शाळेचं छप्पर गळलं तर आमचा नगरसेवक म्हणतो, ते माझ्याकडे नाही. आणि जिल्हा परिषदेचा सदस्य म्हणतो, तुम्ही माझे मतदार नाही.

घरपट्टीचं झालं ते ठरावाप्रमाणे नव्हे. टेप घेऊन माणसं आली, पडव्या मोजल्या, पत्र्याच्या शेडा मोजल्या. बिलावर नव्या ओळी आल्या. एका दुकानदाराने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "ह्यो रोजगार हमी कर कसलो?" शहरी हद्दीत बिगरनिवासी मिळकतीवर तो असतो. त्याच आठवड्यात त्याच्याच दुकानात हमाली करणारा एकजण जॉबकार्ड परत आणून देऊन गेला होता, 'आता ह्याचा काय करू' म्हणून. दोघांना एकमेकांसमोर उभं करून उत्तर द्यायचा मोह मी आवरला.

झालेलं चांगलंही सांगायला हवं. रस्त्यावर दिवे आले. ओला-सुका कचरा वेगळा उचलायला गाडी येते. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचऱ्याच्या डेपोचं बघायला जाण्यासारखं ठिकाण करून दाखवलं, ते पाहायला आम्हा सगळ्यांना नेलं होतं. माझा पगार वसुलीवर अवलंबून राहिला नाही, महिन्याच्या महिन्याला होतो. पूर्वी मार्चमध्ये वसुली झाली तर एप्रिलमध्ये हाती यायचा.

पण ग्रामसभा गेली. गावात मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सभासद असतो, उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायची, तीत मी कितीतरी जणींना पहिल्यांदा बोलताना ऐकलं. नळाला पाणी सोडायची वेळ पहाटेची सकाळी सहावर आली ती तिथे. शहराच्या सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगरसेवक. लोकांनी मागे बसून ऐकायला हरकत नाही, बोलायचं नाही. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांना. आमच्यासारख्यांना तेही नाही. पहिल्या २ ऑक्टोबरला सवयीने पंधरा-वीस माणसं शाळेच्या हॉलपाशी आली होती. आबांनी त्यांना सांगितलं की सभा नाही. "तहकूब?" एकाने विचारलं. आबा म्हणाले, "कायमची."

दुसरी निवडणूक आली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टाच्या निकालामुळे तेवढ्या जागांचं मतदान जानेवारी २०२२ वर गेलं. एकाच गावात दोनदा आचारसंहिता आणि दोनदा शाई. ते सांगत बसले तर वेगळा लेख होईल.

गेल्या महिन्यात तात्या आले. आता काठी घेऊन चालतात. सोबत व्हाळापलीकडचा धाकटा भाऊ. हद्दवाढीची चर्चा सुरू आहे, पलीकडची वाडी नगरपंचायतीत घ्यायचा विषय सभेपुढे यायचा आहे. त्या वाडीला मधल्या काळात मनरेगाची विहीर मिळाली, ग्रामसभा होते, घरपट्टी कमी आहे. मी म्हटलं, हरकत घ्यायला आलात ना? कागद पुढे ओढला.

"हरकत नाय गो," धाकटे म्हणाले. "रातीचो व्हाळापलीकडे बघतंय तर ह्याच्याकडे लाईट, माझ्याकडे काळोख. आणि कचऱ्याची गाडी व्हाळाच्या त्या अंगाक येऊन परत जाता."

तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्याच अक्षरातली २०१४ च्या अर्जाची पोच, शिक्क्यासकट. "हो बघ. अर्ज तसोच ठेय. फक्त 'घेऊ नये' थय 'घ्यावी' घाल, आणि माझ्या जागी ह्याचा नाव."

मी वाचलं. 'आमची वाडी पूर्णपणे शेतीवर अवलंबून असून वाडीत शहरासारखे काहीही नाही. सबब...' पुढे 'घ्यावी' घातलं तरी वाक्य बरोबर लागत होतं. मी त्यांना सांगितलं की अजून ठरावच झालेला नाही. ठराव होईल, मग उद्घोषणा निघेल, मग ३० दिवस मिळतील, तेव्हा या. आणि पलीकडच्या ग्रामसभेत सगळ्यांनी हजर राहा.

"कोरम होता खय," धाकटे म्हणाले. "तहकूबच करतत."